खोलीवर आलेलं गाव

आमच्या गावातला पहिला बी.ए. मी. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो, आणि विचारलं तर सविस्तर सांगतो. माझ्या आधी गावात शिकलेला माणूस म्हणजे पटवारी, आणि तोही बाहेरून आलेला. तेव्हा मान माझाच. पण एवढं खरं, की मला बी.ए. करायला अख्खं गाव लागलं, आणि पहिल्याच वर्षी मला नापास करून घरी बसवायलाही तेच गाव अगदी पुरेसं होतं.

गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. आमचं गाव अनसिंगच्या पुढे. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात. मॅट्रिकपर्यंत शिकायचं तर वाशीमला राहायचं, आणि त्याच्या पुढे शिकायचं तर वाशीमहून गाडी धरून अकोल्याला बदलायची, बडनेऱ्याला पुन्हा बदलायची आणि अमरावतीला उतरायचं. आमच्या भागातला एखाददुसरा पोरगा तिथवर जायचाही. अडचण अशी, की तो परत यायचा. आसेगावकडचा एक पोळ्याला म्हणून आला तो राहिलाच. दुसरा बहिणीच्या लग्नाला आला. लग्न लागलं, बहीण सासरी गेली, आणि हा घरी. तिसऱ्याला खानावळीतलं गोड वरण सोसलं नाही. तो घरी येऊन ठेचा-भाकर खाऊन इतका तृप्त झाला, की पुन्हा त्यानं कॉलेजचं नाव काढलं नाही. अशा पोरांना गावात कोणी नावं ठेवत नसे. उलट म्हणत, "बरं झालं बापू, आला तं. माय वाळून चालली होती तुही."

हे पाहून ज्याचा जीव जळायचा असा एकच माणूस, वाशीमच्या शाळेतले आमचे इंग्रजीचे मास्तर. ते स्वतः कॉलेजात गेले होते आणि दिवाळीला घरी आले ते परत गेले नव्हते. त्यामुळे हा रोग त्यांना आतून ठाऊक होता. ते म्हणायचे, "आपली पोरं नापास होत नाहीत रे. नापास व्हायला परीक्षेपर्यंत टिकावं लागतं."

मी मॅट्रिक दिली आणि मास्तरांनी मनावर घेतलं, की ह्या पोराला टिकवायचा. त्या उन्हाळ्यात दर रविवारी ते सायकल मारत गावात यायचे, मारुतीच्या पाराजवळच्या लिंबाखाली उभे राहायचे आणि तासभर इंग्रजीत भाषण करायचे. मी समोर बसून ऐकता ऐकता लिहायचं. मध्येच मी म्हणालो, "सर, समजलं नाही," तर न ऐकल्यासारखं करून पुढे जायचे. तास संपला की म्हणायचे, "कॉलेजात असंच असतं. समजलं नाही तर तुझं तू बघ. आणि तिथे मारत नाहीत. त्याचीही सवय कर."

मारत नाहीत हे ऐकून माझ्या बाबांना मात्र घोर लागला. "मारत नाहीत? मंग पोरगं शिकन कसं, मास्तर?"

पाराभोवती गर्दी जमायची ती वेगळीच. म्हातारी माणसं चिलीम ओढत मास्तरांचं इंग्रजी ऐकायची. एकदा मास्तर बोलता बोलता ठसकले तर पाटील म्हणाले, "पानी द्या रे त्याहिले. एवढं बोलून राह्यले बिचारे, कोनाले काई समजून नाही राह्यलं."

माझ्यानंतर मास्तरांनी मायची तयारी घेतली. त्यांचं म्हणणं, पोरगा परत येतो तो आईच्या निरोपाच्या शब्दांनी. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, "पोरगा निघाला की तुम्ही काय म्हणणार?"

"काय म्हनीन? सुखी राह्य बाप्पा, अन् लवकर ये."

"लवकर ये म्हणायचं नाही."

"मंग काय येऊ नको म्हनू? मी माय हाव का कोन हाव?"

"अभ्यास कर म्हणायचं. एवढंच."

माय आठ दिवस भाकरी थापताना तेवढंच घोकत होती. निघायच्या सकाळी तिनं माझ्या हातावर दही ठेवलं आणि मास्तरांकडे बघत स्पष्ट म्हणाली, "अभ्यास कर." मास्तर खूश. बैलगाडी वेशीबाहेर पडेपर्यंत तिनं दम धरला. मग मागून आवाज आला, "अभ्यास लवकर करजो रे!"

निघण्याआधी मास्तरांनी मला एक गोष्ट बजावली, आणि ती महत्त्वाची. गावात कापडाचं एकच दुकान होतं, ते चाचांचं. त्यांचा मुलगा वाशीमला माझ्यामागे एक वर्ष, मॅट्रिकच्या वर्गात. माझ्यापेक्षा हुशार. (हे मी आता लिहितो, तेव्हा कोणी म्हणालं असतं तर भांडलो असतो.) त्याला कॉलेजात पाठवा म्हणून मास्तर चाचांच्या मागे लागले होते, आणि चाचांनी कापड मोजायचा पितळी गज कापडावर आपटत सांगून टाकलं होतं, "पैले हा पास होऊ द्या. माहं पोरगं अर्धं शिकून वापस आलं तं ना दुकानाचं ना कचेरीचं. येथ बसलं तं निदान गज तं धरते हातात."

मास्तर मला म्हणाले, "पहिल्या वर्षाची परीक्षा पास झालास तर चाचांचा पोरगा जाईल. तो गेला तर आणखी कोणी जाईल. आणि तू परत आलास, तर इथून पुढे ह्या लिंबाखाली मी एकटाच भाषण करीन."

मी परत येणार नाही ह्याची सगळी तजवीज मास्तरांनी केली होती. गाव माझ्याकडे येईल, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

वसतिगृहात मला एक लहानशी खोली मिळाली. खाट, टेबल, खुर्ची आणि एक खिडकी. अशी एकट्याची खोली माझ्या घराण्यात कोणाला मिळाली नव्हती, त्यामुळे पहिले काही दिवस मी ती नुसती झाडतच होतो. मग एका सकाळी वऱ्हांड्यातून ओळखीचा आवाज आला, "अरे, आमचं पोरगं कोनत्या खोलीत हाय?" पाटील होते. कमिशनर साहेबाच्या कचेरीत त्यांच्या शेताच्या बांधाचं अपील होतं. खाटेवर बसून त्यांनी गादी दाबून पाहिली आणि म्हणाले, "चांगलं हाय. बस, आता अमरावतीत आपलं घर झालं."

ते 'आपलं' म्हणाले ते शब्दशः खरं होतं. आमच्याकडे रीत अशी, की शहरात आपलं माणूस असलं आणि तुम्ही दुसरीकडे उतरलात, तर तो त्या घराचा अपमान. गावी गेल्यावर लोक बापाला विचारणार, "काहून, पोरानं घरात घेतलं नाही काय?" म्हणून माझ्या बाबांची अब्रू राखायला सगळं गाव माझ्या खोलीवर उतरू लागलं. कोणी कापसाचा भाव बघायला आलं, कोणी डोळे दाखवायला, कोणी अंबादेवीच्या दर्शनाला, कोणी मुलगी पाहायला. एक गृहस्थ तर काहीच काम नसताना आले. मी विचारलं, "कसं येणं केलं काका?" तर म्हणाले, "सारे येऊन राह्यले, म्हनलं आपुनच कायले राहावं."

येताना प्रत्येक जण काहीतरी आणायचा, हे सांगितलं पाहिजे. भाकरी, ठेचा, तीळ घातलेली चटणी, हुरडा. त्यामुळे खानावळीतल्या गोड वरणानं माझं काही वाकडं झालं नाही. घराची आठवण येऊन रडावं, तर तेवढी फुरसत मिळत नव्हती. कोणाची म्हैस व्याली, कोणाचं पोरीच्या लग्नात वाजलं, सगळं मला गावात राहणाऱ्यांच्या आधी कळायचं. फक्त अभ्यास होत नव्हता. पाहुणा खाटेवर, मी खाली. पाहुण्याचा पसारा टेबलावर, माझी पुस्तकं खाटेखाली.

वसतिगृहाचे सुपरिंटेंडेंट गणिताचे प्रोफेसर होते. बारीक अंगाचे, बोलणं हळू. पहिल्यांदा ते तक्रार घेऊन आले तेव्हा पाटील खाटेवर पाय पसरून बसले होते. पाटलांनी त्यांना दारातच पाहिलं आणि सरकून जागा केली. "या साहेब, बसा. परकं समजू नका, आपलंच घर हाय." सुपरिंटेंडेंट आपल्याच वसतिगृहात पाहुणे झाले. बसले, चटणी चाखली, आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही धर्मशाळा नव्हे. लक्षात ठेवा."

चाचांचा फेरा दर महिन्याला असायचा, कापड भरायला. ते मात्र इतरांसारखे नव्हते. खाली चटईवर बसायचे आणि मला म्हणायचे, "तू वाच. जोरात वाच. मलेही आयकू दे." एका संध्याकाळी मी तर्कशास्त्र वाचत होतो. चाचा चटईवर, पाटील खाटेवर. मी मराठीत सांगितलं, "सगळी माणसं मरतात. अमका एक ग्रीक विद्वान माणूस आहे. म्हणून तो ग्रीक विद्वान मरतो."

पाटील उठून बसले. "कवा गेला?"

"पाटील, तो फार जुना. हे उदाहरण आहे."

"मंग जुना मानूस जाईनच. ह्याच्यासाठी बापानं तुले एवढ्या दूर धाडलं काय? आमच्या गावात कोनालेही इचार, हेच सांगन."

चाचा मात्र दाढी कुरवाळत होते. म्हणाले, "ठैर बेटा. सारी पोरं बापाचं आयकत नाहीत. माहा पोरगा पोरगाच हाय. म्हनून तो माहं आयकत नाही. असंच ना?"

"अगदी असंच, चाचा."

"वा! म्हंजे हे घरी बसून मले येत होतं, फक्त कॉलेजात हाय हे मालूम नव्हतं." मग पाटलांकडे वळून, "पाटील, सारे पाटील खाटेवर झोपतात..."

"झोप आता गुमान," पाटील म्हणाले.

त्यानंतर चाचा आले की आधी विचारायचे, "आज कोनता सबक?" दुकानात गिऱ्हाइकांवरही त्यांनी तर्कशास्त्र चालवलं असं पुढे कानावर आलं. एक बाई लुगड्याचा रंग जाईल का विचारत होती, तिला त्यांनी आधी सगळ्या लुगड्यांपासून सुरुवात करून सांगितलं म्हणे. ती दुकानातून निघून गेली.

संक्रांतीच्या सुमारास कडेलोट झाला. माझ्या अभ्यासाची चौकशी करायला म्हणून मास्तर वाशीमहून मुद्दाम आले. दारात उभे राहिले आणि आत पाहत राहिले. खाटेवर पाटील. खुर्चीवर डोळ्यांना हिरवी पट्टी बांधलेले एक आजोबा. आणि मागच्या वऱ्हांड्यात दोघं जण विटा मांडून भरताची वांगी भाजत होते. मी त्या धुरात पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. मास्तर काही बोलण्याच्या आत सुपरिंटेंडेंट आले. त्या दिवशी ते बसले नाहीत आणि त्यांनी चटणीही चाखली नाही. "ह्यापुढे एक पाहुणा दिसला तरी खोली सोडायची," एवढं बोलून गेले.

खोली सोडायची म्हणजे घरी जायचं. अमरावतीत दुसरीकडे राहायची आमची ऐपत नव्हती. हे मला कळलं, मास्तरांना कळलं. पाटलांनी फक्त विचारलं, "आज साहेब रागात काहून होते? वांगं चालत नाही काय त्याहिले?" मास्तर भरीत न खाता संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

मी मात्र कोणालाच सांगू शकत नव्हतो. दारात आलेल्या माणसाला नको म्हणायला मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि आजही ते मला जमत नाही.

आणि मग गंमत झाली. पाहुणे बंद झाले. एक आठवडा कोणी आलं नाही. मी खाटेवर झोपलो, टेबलावर पुस्तकं मांडली, आणि पाय पसरून असा अभ्यास केला की स्वतःचाच हेवा वाटला. दुसरा आठवडाही कोरडा गेला. बरं वाटलं, पण पहिल्याइतकं नाही. पुढे महिना उलटला आणि मी वऱ्हांड्यात पावलं वाजली की मान वर करू लागलो. चाचांचा फेरा चुकला. पाटलांच्या अपिलाची तारीख येऊन गेली, पाटील आले नाहीत. घरून पत्रही नाही. बाबांना लिहिता येत नव्हतं, त्यांची पत्रं मास्तरच लिहायचे, आणि मास्तर रागावलेले.

मला दुसरं काय सुचणार? गावात पटकी आली असेल. नाहीतर आग. नाहीतर बाबा, नाहीतर माय. सगळ्यांनी मिळून माझ्यापासून लपवलंय, असं मनानं घेतलं. पुस्तक उघडलं की दोन ओळींनंतर गावची वेस दिसायची. खोलीत माणसं होती तेव्हा निदान त्यांच्या पायांमधून का होईना, वाचत होतो. आता सगळी खोली माझी होती आणि पुस्तकाचं एक पान उलटत नव्हतं.

सोमवारपासून परीक्षा. शनिवारी सकाळी मी एका पिशवीत धोतर आणि सदरा भरला आणि स्टेशनाकडे निघालो. आजची गाडी, उद्या गावात, काय झालंय ते डोळ्यांनी बघायचं. परीक्षेचं काय, हा प्रश्न मी मनाला विचारला नाही, कारण उत्तर माहीत होतं.

बाजारातून जाताना पुढे एक पाठ दिसली. काळी टोपी, लांब कोट, आणि डावीकडे किंचित झुकून चालायची ती ढब. मी ओरडलो, "चाचा!"

चाचा थबकले. वळून मला पाहिलं, आणि झपाट्यानं गर्दीत शिरले. मी मागे. ते भाजीवाल्यांच्या ओळीतून, मीही. गावातल्या त्या भारदस्त माणसाला पळताना मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. पुढे पिंजाऱ्यांची दुकानं होती. चाचा त्यातल्या एका दुकानात घुसले आणि दिसेनासे झाले. मी आत डोकावलो. पिंजारी कमान वाजवणं थांबवून हसत होता, आणि पिंजलेल्या कापसाच्या ढिगामागे चाचा माझ्याकडे पाठ करून बसले होते. टोपी, दाढी, भुवया, सगळीकडे कापूस.

"चाचा, मी पाहिलं तुम्हाला."

"नाही पाह्यलं," ते पाठमोरेच म्हणाले. "तू मले पाह्यलं नाही, मी तुले पाह्यलं नाही. जाय, अभ्यासाले बस."

"घरी काय झालं ते सांगा आधी. बाबा बरे आहेत का?"

तेव्हा कुठे ते वळले. "तुह्या बापाले काय व्हते? परवा मह्यासंग भांडून गेला दुकानात. का रे, असं काहून इचारून राह्यला?" मग त्यांची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर गेली. "हे काय हाय?"

मी सांगितलं. कोणी येत नाही, पत्र नाही, म्हणून गावाला निघालो. चाचांनी कपाळावर हात मारला, कापूस उडाला.

"अरे गधड्या, दवंडी देली हाय गावात! त्या मास्तरनं पाटलाले बसवलं, बापाले बसवलं, कोतवालाच्या हाती डफडं देलं." आणि दुकानात बसल्या बसल्या त्यांनी कोतवालाचा आवाज काढला, "आयका हो आयका! पोराची परीक्षा होईलोक अमरावतीले ज्याचं काम निंघन त्यानं आपल्या हिमतीवर जावं, पोराच्या खोलीवर पाय ठेवू नये हो! ठेवन त्याले पाटील चावडीवर जाब इचारतीन हो!"

"मग मला कोणी कळवलं का नाही?"

"मास्तर म्हने, त्याले सांगू नका. सांगतलं तं तो लाजन, अन् सोताच सगळ्याइले बोलावन्या धाडन."

हे मास्तरांनी अगदी बरोबर ओळखलं होतं.

"मी मुसाफिरखान्यात उतरलो हाव," चाचा पुढे म्हणाले. "ढेकनं अशी, की रातभर मी त्याहिच्या संगच हिशेब करून राह्यलो. पाटील तं अपिलाले आलेच नाहीत, तारीख वाढवून घेतली. त्या डोळेवाल्या बुढ्यानं पट्टी घरीच सोडली. सारं गाव तुह्यासाठी दम धरून बसलं, अन् तू पिशवी घेऊन कोठं निंघाला? घरी?"

त्यांचा आवाज चढला होता. पिंजारी मध्ये पडून म्हणाला, "चाचा, गादीत किती कापूस भरू ते तरी सांगा."

मी विचारलं, "गादी कोणाची?"

चाचा दाढीतला कापूस वेचत म्हणाले, "माह्या पोराची. त्यानंही मॅट्रिक देली. तेथ खाट भेटते, गादी आपली न्या लागते ना? तू पास झाला तं हे गादी तुह्या बाजूच्या खोलीत. नाही झाला तं दुकानात, मी दुपारी लवंडतो हिच्यावर." आणि एकदम नजर लावून, "सांग, कोठं टाकू?"

मी पिशवी खांद्यावर टाकली आणि वसतिगृहाकडे वळलो. चाचा बरोबर चालत आले. फाटकापाशी थांबले. मी म्हणालो, "आत या, चहा घ्या." ते दोन पावलं मागे सरले. "दवंडी म्हंजे दवंडी," म्हणाले, आणि मी आत शिरेपर्यंत रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभे राहिले. मी खिडकीतून हात केला तर त्यांनी बोटानं पुस्तकाची खूण केली.

परीक्षा दिली. पास झालो. कोणत्या वर्गात ते विचारू नका, पास झालो. निकाल घेऊन मास्तर सायकलवर आले, आणि चेहरा इतका गंभीर ठेवून आले की माय रडायला लागली. मग हसले. बाबांनी गूळ वाटला आणि विचारलं, "पास झाला, म्हंजे आता नवकरी?"

"नाही बाबा, अजून तीन वर्षं आहेत."

बाबांनी हातातल्या उरलेल्या गुळाकडे पाहिलं. "मंग आत्ता गूळ कायले वाटला?" ते म्हणाले. पण परत मागितला नाही.

चाचा आले नाहीत. त्यांनी मला दुकानात बोलावलं. मुलगा गल्ल्याजवळ मान खाली घालून बसला होता, आणि आतल्या दाराच्या पडद्यामागे चाची उभ्या होत्या, हे त्यांच्या बांगड्यांवरून कळत होतं. चाचांनी माझी दुसरी परीक्षा घेतली. पोराला जुम्म्याची नमाज पढायला मशीद किती दूर? खानावळीत त्याचं पान वेगळं मांडतील काय? मांडलं तर तू कोठं बसशीन? ह्या शेवटच्या प्रश्नाला मी म्हणालो, त्याच्या शेजारी. पडद्यामागून आवाज आला, "अन् बीमार पडलं तं?"

"तर मी आहे, चाची."

"तू? तू तं एक म्हैना कोनी आलं नाही तं पिशवी भरली व्हती म्हनतात."

चाचा हसले नाहीत. त्यांनी पितळी गज उचलला, मुलाच्या हातातून काढून घेतला म्हटलं तरी चालेल, आणि मागच्या फळीवर ठेवून दिला. "जाऊ दे," म्हणाले, पडद्याकडे बघत. "लय झालं. जाऊ दे त्याले."

मृगानंतर आम्ही दोघं निघालो. वाशीमच्या फलाटावर निरोप द्यायला चाचा आले होते. त्यांनी मुलाच्या टोपीवर बसलेला कोळशाचा कण बोटानं उडवला. गाडी अकोल्याला बदलली. आता मी जुना विद्यार्थी, तो नवा. माझ्या अंगावर जबाबदारी आली होती आणि ती मला फार शोभत होती, असं मला वाटत होतं. मूर्तिजापूर सुटल्यावर त्यानं हळूच विचारलं, "भाऊ, तेथ गेल्यावर पैल्या दिवशी करायचं काय असते?"

मी सुरुवात केली. प्रोफेसर कसे बोलतात, लिहून कसं घ्यायचं, समजलं नाही तर काय करायचं, वाचनालयात पुस्तक कसं मागायचं, सुपरिंटेंडेंटांसमोर कसं उभं राहायचं. माझं मलाच ऐकावंसं वाटत होतं. तासभर बोलल्यावर मी शेजारी पाहिलं तर तो गुंडाळलेल्या गादीवर डोकं टेकून गाढ झोपला होता. तेवढ्यात बडनेरा आलं. मी त्याला हलवून उठवलं, गादीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं, आणि गाडी बदलायला आम्ही पलीकडच्या फलाटाकडे निघालो.